काकांचा पेंटॅक्स के-१००० : दुरुस्त करावा की दुसरा घ्यावा?

नाशिकरोडकर

नमस्कार. माझ्या काकांचा पेंटॅक्स के-१००० हा फिल्म कॅमेरा ५० मिमी एफ/२ भिंगासह सध्या माझ्याकडे आहे. २००३ च्या सिंहस्थात त्यांनी रामकुंडावर याच कॅमेऱ्याने छायाचित्रे काढली होती. त्यानंतर तो चामडी कव्हरात घालून कपाटात ठेवला, तो अलीकडेच बाहेर निघाला. मी त्यात एक रंगीत रोल घालून पाहिला. रोल धुऊन आल्यावर असे दिसले की, बऱ्याच चित्रांवर नारिंगी पट्टे उमटले आहेत आणि भर उन्हात १/१००० सेकंद या शटरवेगाने घेतलेल्या चित्रांची एक बाजू काळी पडली आहे. याखेरीज प्रकाश मोजणाऱ्या लाइट मीटरची सुई हलत नाही आणि भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे काहीतरी दिसते.

मुंबईत फोर्टमधल्या एका दुरुस्तीकाराने भिंग सोडून बाकी कामाचे सहा हजार रुपये सांगितले आहेत. असाच कॅमेरा वापरलेल्या स्थितीत चौदा हजारांना मिळतो आहे आणि विक्रेता तो ‘चालू स्थितीत’ असल्याचे सांगतो. येत्या सिंहस्थात मला फिल्मवर काम करायचे आहे. अशा परिस्थितीत दुरुस्तीवर खर्च करणे योग्य ठरेल का?

जुनी निगेटिव्ह

आपण सांगितलेले चारही दोष एकमेकांपासून वेगळे आहेत, आणि त्यांतील एकाच दोषासाठी खऱ्या अर्थाने दुरुस्तीकाराची गरज आहे, म्हणून निर्णयापूर्वी त्यांची फोड करावी.

प्रथम नारिंगी पट्टे. निगेटिव्ह उजेडासमोर धरून पट्टा चित्राच्या चौकटीबाहेर, भोकांच्या ओळीपर्यंत गेला आहे का, ते पाहावे. तसा गेला असेल तर प्रकाश मागच्या झाकणाच्या फटीतून शिरतो आहे. झाकणाच्या खाचांत बसवलेला काळा फोम काही वर्षांनी कुजून चिकट होतो. असा फोम असलेल्या बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांत हे कधी ना कधी घडते. जुना फोम लाकडी काडीने आणि थोड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढून नवीन पट्ट्या चिकटवणे हे घरी, एका दुपारी होणारे काम आहे. याउलट पट्टा चौकटीच्या आतच थांबत असेल, तर शटरच्या कापडी पडद्याला बारीक भोक पडल्याची शंका घ्यावी. आरशावर आपटणाऱ्या फोमचा चुरा पडला असल्यास तो फक्त हवेच्या फुग्याने उडवावा. आरशाचा मुलामा काचेच्या वरच्या बाजूला असतो, त्यामुळे कापडाने पुसल्यास तो कायमचा खरवडला जातो.

काळी पडलेली बाजू हे मात्र शटरचे दुखणे आहे. या कॅमेऱ्यात दोन पडदे एकामागून एक आडवे धावतात आणि १/१००० वेगाला त्यांच्यामध्ये अगदी अरुंद फट राहते. जुने तेल घट्ट होऊन पहिला पडदा रेंगाळला, की दुसरा त्याला मध्येच गाठतो, फट मिटते आणि चित्राचा उरलेला भाग अंधारात राहतो. फिल्म न घालता मागचे झाकण उघडून, पांढऱ्या भिंतीकडे पाहत प्रत्येक वेग तपासावा. १/२५० पर्यंत पूर्ण चौकट उजळलेली दिसली, तर पडदे शाबूत असून केवळ सफाई, तेलपाणी आणि वेगांची जुळवणी राहिली आहे असे समजावे. सहा हजारांपैकी मोठा वाटा याच कामाचा असणार, आणि तो वाजवी आहे.

गोदाकाठ

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु मीटरवर पैसे घालवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. के-१००० चे शटर पूर्णपणे यांत्रिक आहे; तळातला एकुलता एक एलआर-४४ सेल केवळ मीटरसाठी असतो आणि तो काढून टाकला तरी कॅमेरा सगळ्या वेगांवर चालतो. सेलच्या घरात हिरवट-पांढरे क्षार साचले असतील, तर कापसाच्या काडीवर किंचित व्हिनेगर घेऊन पत्रा स्वच्छ करावा आणि शक्यतो एसआर-४४ हा सिल्व्हर ऑक्साइड सेल घालावा. तरीही सुई हलली नाही तर तिचा नाद सोडावा. स्वच्छ उन्हात भिंगाचे छिद्र एफ/१६ वर ठेवून २०० आयएसओच्या (प्रकाशसंवेदनक्षमतेच्या) फिल्मला १/२५० वेग दिला की काम भागते, सावलीसाठी मोबाइलमधले मीटर पुरेसे असते. या कॅमेऱ्याच्या मीटरला बंद करण्याची कळ नसते, त्यामुळे काम संपल्यावर भिंगावर टोपण लावण्याची सवय मात्र ठेवावी. नाहीतर सेल फुकट उतरत राहतो.

आता ‘चालू स्थितीत’ या शब्दांविषयी. के-१००० चे उत्पादन १९७६ मध्ये सुरू झाले आणि १९९७ मध्ये थांबले, म्हणजे बाजारातला सर्वांत तरुण नगही पंचवीस वर्षांहून जुना आहे. कळ दाबल्यावर खट्ट असा आवाज आला, एवढ्यावर विक्रेते कॅमेरा चालू ठरवतात. फोम केव्हा बदलला आणि वेग कोणी मोजले, याचे उत्तर मिळत नसेल, तर चौदा हजार देऊनही पुढे हेच सहा हजार आपल्याला मोजावे लागतील. आपला कॅमेरा कॅनन एई-१ सारखा सेलवर चालणाऱ्या शटरचा असता आणि त्याचा इलेक्ट्रॉनिक भाग जळला असता, तर मीच बदलण्याचा सल्ला दिला असता, कारण तसे सुटे भाग बहुधा दुसरा कॅमेरा मोडूनच मिळवावे लागतात.

द्राक्षबाग

भिंगाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. ते जाळे म्हणजे बुरशी आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद कपाट आणि ओल धरून ठेवणारे चामडी कव्हर, हे दोन्ही एकत्र आले की ती हमखास धरते. वरवरची बुरशी पुसून निघते; पण तिने काचेचा लेप खाल्ला असेल तर डाग कायमचे राहतात. हे भिंग दुरुस्त करू नये. ५० मिमी एफ/२ हे या कॅमेऱ्याबरोबर मिळणारे अगदी साधे भिंग होते आणि के-माउंटची (या कॅमेऱ्यावर भिंग बसवण्याच्या जोडणीची) जुनी भिंगे सुटी सहज मिळतात. बदलायचेच असेल तर ते भिंग बदला, कॅमेरा नको. नवीन भिंग त्या कव्हरात ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावे आणि जेलचा रंग बदलला की ते पुन्हा तापवून कोरडे करावे.

सिंहस्थाबाबत मात्र वेगळा विचार करावा, असे सुचवतो. शाही स्नानाच्या गर्दीत पुन्हा संधी मिळत नाही, म्हणून दुरुस्तीनंतर निदान एक रोल तरी पंचवटीत नेहमीच्या दिवशी काढून, धुऊन, तपासून घ्यावा.

नाशिकरोडकर

सर्वांचे आभार. निगेटिव्ह पाहिल्या, पट्टे भोकांपर्यंत गेले आहेत, त्यामुळे फोम मीच बदलणार आहे. १/५०० पासून पुढे चौकटीची एक कड काळी दिसते, त्याखालचे वेग ठीक वाटतात. सेलचे घर स्वच्छ केल्यावर सुई थोडी हलू लागली आहे, पण तिच्यावर विसंबणार नाही.

दुरुस्तीकाराशी पुन्हा बोललो. फोम आणि मीटर वगळून केवळ शटरचे काम करण्यास ते साडेचार हजारांत तयार आहेत. काम झाल्यावर प्रत्येक वेगाचे यंत्रावर मोजलेले आकडे लिहून द्यावेत, अशी अट मी घातली आणि त्यांनी ती मान्य केली. कॅमेरा कुरिअरने पाठवण्याऐवजी शनिवारी सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने स्वतःच नेऊन देतो. कोणाकडे स्वच्छ काचेचे ५० मिमीचे भिंग विक्रीस असल्यास कृपया येथेच कळवावे; एफ/१.७ असले तरी चालेल.