मदत हवी आहे : स्पूल टेपरेकॉर्डर विकत घेण्यापूर्वी काय तपासावे? (वडोदरा)

नमस्कार. माझ्या मामांनी १९६०च्या दशकात वडोदऱ्यातल्या काही घरगुती बैठकी ध्वनिमुद्रित केल्या होत्या. त्या टेपा आता दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आल्या असून, त्या घरीच ऐकता याव्यात म्हणून मी दुरुस्त करण्याजोगा स्पूल टेपरेकॉर्डर शोधत आहे. खोक्यांवर ‘मोनो, ३¾, दोन्ही बाजू’ अशी नोंद आहे, म्हणजे वेग सेकंदाला ३¾ इंच, सुमारे साडेनऊ सेंटिमीटर.

अहमदाबादला रविवारी भरणाऱ्या गुजरी बाजारात एक जपानी यंत्र पाहिले. देखणे आहे, परंतु मागच्या पाटीवर ११७ व्होल्ट, ६० सायकल (म्हणजे विजेची सेकंदाला ६० आवर्तने) असे लिहिलेले आहे. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला की भागेल, असे विक्रेत्याचे म्हणणे. मला ते पटत नाही, कारण ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, सायकल बदलत नाही. आणि मोटर विजेच्या सायकलवर फिरणारी असेल, तर आपल्याकडच्या ५० सायकलवर टेप पाच-षष्ठांश वेगानेच सरकेल. तासाभराची बैठक ७२ मिनिटे चालेल, काळी एकमध्ये गायलेला ख्याल खालच्या काळी पाचच्याही किंचित खाली जाईल, आणि मुळातच विलंबित असलेल्या लयीचे काय होईल ते विचारूच नये. असे यंत्र ५० सायकलवर आणता येईल की नाही, हे आधी कसे ओळखावे?

शिवाय यंत्र क्वार्टर-ट्रॅक स्टिरिओ आहे, म्हणजे टेपेच्या रुंदीत चार अरुंद पट्टे धरून त्यांतले दोन एका वेळी वाचणारे. त्यावर मोनो टेप नीट वाजेल का? काही टेपांना व्हिनेगरसारखा वास येतो. त्या मंद उष्णतेवर ‘भाजून’ घ्या, असे एका परिचितांनी सुचवले, पण माझे मन धजावत नाही.

प्रतिसाद :

भाजू नका. तो उपाय १९७०-८०च्या दशकांतल्या काही पॉलिएस्टर टेपांसाठी आहे, ज्यांच्यावरचा लेप हवेतला ओलावा शोषून चिकट होतो. व्हिनेगरचा वास अ‍ॅसिटेट या दुसऱ्या प्रकारच्या प्लॅस्टिकच्या टेपेला येतो आणि तिला उष्णता घातकच ठरते. रीळ उजेडासमोर धरा: अ‍ॅसिटेट असेल तर उजेड आरपार दिसतो, पॉलिएस्टरमधून सहसा दिसत नाही. वास येणाऱ्या टेपा इतरांपासून वेगळ्या ठेवा आणि पहिल्यांदा वाजवतानाच संगणकात उतरवून घ्या.

मोनो टेप वाजेल. मात्र स्टिरिओ हेडचा (टेप वाचणाऱ्या भागाचा) उजव्या चॅनेलचा भाग टेपेच्या दुसऱ्या बाजूवरून जात असल्यामुळे त्या चॅनेलवर ती बाजू उलटी ऐकू येईल. डावा चॅनेल तेवढा दोन्ही स्पीकरना द्या.

सायकलबद्दल तुमची शंका रास्त आहे. विक्रेत्याला झाकण उघडायला सांगा. मोटरच्या पुलीला दोन पायऱ्या असतील, तर पट्टा मोठ्या पायरीवर सरकवून वेग साधता येतो. काही यंत्रांत त्याबरोबर मोटरचा कपॅसिटरही बदलावा लागतो. पायरी एकच असेल, तर १.२ पट व्यासाची पुली लेथवर करून घ्यावी लागेल, आणि तिची गोलाई जराही चुकली की तंबोऱ्याचा सूर थरथरतो. रिव्हॉक्स ए७७ या स्पूल टेपरेकॉर्डरमध्ये हा प्रश्न येत नाही, कारण तिथे टेपेचा वेग इलेक्ट्रॉनिक सर्किट सांभाळते. मात्र त्यातले जुने कागदी कपॅसिटर आधी बदलावेत, नाहीतर ते धूर काढतात.

कोणतेही बंद पडून राहिलेले यंत्र थेट विजेला जोडू नका, सीरिज बल्ब (विजेच्या वाटेत यंत्राच्या आधी जोडलेला, जास्त प्रवाह रोखणारा दिवा) लावूनच सुरू करा. पिंच रोलरचे (टेप दाबून पुढे सरकवणाऱ्या चाकाचे) रबर नखाने दाबून पाहा; काचेसारखे कडक झाले असेल, तर भाव उतरवून मागा. मोटर आणि पुलीचे छायाचित्र इथे दिलेत, तर अधिक नेमके सांगता येईल.