यहोशवा 21 आणि शास्ते 1 : देशाविषयीचे वचन पूर्ण झाले असे केव्हापासून म्हणावे?

प्रश्न

बायबलमधील यहोशवाचे पुस्तक क्रमाने वाचताना एका ठिकाणी मी अडखळलो आहे. 21व्या अध्यायाच्या अखेरीस असे म्हटले आहे की, पूर्वजांना शपथपूर्वक देऊ केलेला सगळा कनान देश परमेश्वराने इस्राएलाला दिला आणि त्याच्या वचनांपैकी एकही व्यर्थ गेले नाही. परंतु 13व्या अध्यायात इस्राएलाचा पुढारी असलेल्या वृद्ध यहोशवाला, अजून पुष्कळ देश ताब्यात घ्यायचा राहिला आहे, असे सांगितले जाते; आणि त्यापुढच्या शास्ते या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात इस्राएलाच्या कोणत्या वंशाला कोणती नगरे घेता आली नाहीत, हे एकामागून एक नोंदवले आहे. लेखकाने उत्साहाच्या भरात अतिशयोक्ती केली, हे उत्तर मला पटत नाही, कारण ही विसंगती 13वा आणि 21वा अध्याय एकाच पुस्तकात ठेवणाऱ्याच्या लक्षात आली नसेल, हे संभवत नाही.

पहिले उत्तर

आपली शंका रास्त आहे. माझ्या मते तिची उकल ‘वतन’ (वंशाच्या वाट्याला आलेली जमीन) या शब्दात आहे. वतन बहाल होणे आणि त्या जमिनीवर प्रत्यक्ष वहिवाट होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यहोशवाचे पुस्तक हा भेद कसोशीने पाळते. 18व्या अध्यायात सात वंशांना अजून वतन मिळालेले नसते. तेव्हा यहोशवा प्रत्येक वंशातून तीन माणसे पाठवून देशाची पाहणी करवून घेतो, तिचे वर्णन लिहून आणवतो आणि शिलो येथे परमेश्वरासमोर चिठ्ठ्या टाकतो. ज्या नगरांत देशाचे आधीचे रहिवासी कनानी अद्याप राहत होते तीही या वाटणीत आली. 21व्या अध्यायातले विधान या वाटपाच्या शेवटी येते, म्हणून ते देणाऱ्याविषयी आहे; शास्तेचा पहिला अध्याय घेणाऱ्यांविषयी आहे. शिवाय निर्गम 23 मध्ये आधीच सांगितले होते की, देश ओसाड पडून वनपशू वाढू नयेत म्हणून तेथल्या लोकांना एका वर्षात नव्हे, तर हळूहळू घालवले जाईल. त्यामुळे केवळ विलंब झाला म्हणून वचन मोडले, असे म्हणता येत नाही. मोशेच्या काळी हा देश हेरायला गेलेल्या कालेबाचे उदाहरण मला येथे फार मोलाचे वाटते: वचन मिळाल्यावर 45 वर्षांनी, वयाच्या 85व्या वर्षी तो हेब्रोन मागतो, आणि ते मिळाल्यावरही तेथल्या अनाकी लोकांना त्यालाच घालवावे लागते.

दुसरे उत्तर

वरील मांडणी मान्य आहे, पण सीमांचाही विचार व्हावा. गणना 34 मध्ये पूर्वेची सीमा यार्देन नदी आहे, तर उत्पत्ति 15 मध्ये देश मिसरच्या नदीपासून फरात नदीपर्यंत सांगितला आहे. ही दुसरी व्याप्ती 1 राजे 4 मध्ये शलमोनाच्या राज्याला दिलेली दिसते. मात्र तेथील राजे कर देणारे मांडलिक होते, इस्राएलाचे वंश फरातकाठी वसले नव्हते. गेजेरची कथा तर या साऱ्या प्रक्रियेचे स्वरूप उघड करते. एफ्राईम वंशाला वाट्याचे ते नगर घेता आले नाही. पुढे मिसरच्या फारोने ते जिंकून जाळले आणि शलमोनाची पत्नी झालेल्या आपल्या मुलीला आंदण दिले. वाट्याला आलेले नगर कित्येक पिढ्यांनंतर परक्या राजाच्या हातून मिळाले. यरुशलेमही दावीदाने घेईपर्यंत यबूसी लोकांकडेच होते.

प्रश्नकर्ता

दोघांचाही आभारी आहे. वाटप आणि ताबा हा भेद माझ्या ध्यानात आला नव्हता. तरी एक शंका उरते: इ.स.पू. 722 च्या सुमारास उत्तरेकडील इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन पडले, 586 च्या सुमारास यरुशलेम पडले आणि लोक बाबेलला नेले गेले. मग पूर्ण झालेले वचन रद्द झाले असे समजावे काय?

तिसरे उत्तर

लेवीय 25 मध्ये परमेश्वर म्हणतो की जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याजवळ परके व उपरी आहात. म्हणूनच ती कायमची विकण्यास मनाई होती. देशात राहणे आज्ञापालनावर अवलंबून होते, हे अनुवाद 28 मध्ये स्पष्ट आहे, आणि अनुवाद 30 मध्ये परत आणण्याचेही अभिवचन आहे. त्यामुळे बंदिवासाने वचन रद्द झाले नाही. त्यात आधीच सांगितलेली शिक्षा अमलात आली. आपण नहेम्याचा 9वा अध्याय अवश्य वाचावा. परत आलेले लोक तेथे प्रार्थनेत म्हणतात की, अब्राहामाशी केलेले वचन तू पूर्ण केलेस, कारण तू न्यायी आहेस; आणि त्याच प्रार्थनेच्या शेवटी, जो देश तू आमच्या पूर्वजांना दिलास त्यातच आज आम्ही दास आहोत, असेही कबूल करतात.