मदत हवी आहे: ड्रायरमधून धपधप आणि किंचाळल्यासारखा आवाज

रानजाई
मंडळी, आमच्या कपड्यांच्या ड्रायरने जीव नकोसा केलाय. आम्ही न्यू जर्सीत राहतो. ड्रायर इलेक्ट्रिक आहे, २४० व्होल्टवर चालणारा, घराच्या आधीच्या मालकांनी ठेवून गेलेला. रात्रभर बंद राहून सकाळी लावला की आधी धप् धप् धप्. तापला की ते कमी होतं आणि मग चींऽऽ सुरू होतं, ते कपडे वाळेपर्यंत. रिकामा फिरवला तरी तेच, म्हणजे बटणं किंवा चेन आपटत नाहीयेत. पाय नीट टेकलेत, लेव्हल लावून पाहिली. कपडे मात्र छान वाळतात.

बाळाची खोली भिंतीपलीकडेच आहे, त्यामुळे ड्रायर लावला की झोपमोड ठरलेली. दुरुस्तीवाल्याने फोनवरच "जुना आहे, नवीन घ्या" म्हणून सांगितलं. चांगलं तापणारं मशीन नुसत्या आवाजासाठी भंगारात टाकायला मन होत नाही. आम्ही दोघंही पाना-स्क्रूड्रायव्हर चालवतो. हे घरी जमेल का? आगीचा धोका तर नाही ना?

पानापक्कड
ताई, अजिबात टाकू नका. तुम्ही आवाज इतका नीट सांगितलाय की अर्धं निदान झालंच.

ड्रम मागच्या बाजूला रबरी चाकांवर, म्हणजे रोलरवर फिरतो. मॉडेलप्रमाणे ती दोन असतात, किंवा पुढची धरून चार. मशीन बंद असताना ड्रमचं वजन एकाच जागी पडून जुनं रबर चपटं होतं, तापल्यावर थोडं सैल पडतं. म्हणून सकाळची धपधप. ड्रमच्या एका फेऱ्यात एकदाच दणका बसत असेल तर ड्रम फिरवणाऱ्या पट्ट्याचा (बेल्टचा) सांधा बघा. भराभर बसत असतील तर रोलर, कारण तो लहान असतो आणि ड्रमच्या एका फेऱ्यात कितीतरी वेळा फिरतो.

चींऽऽ बहुधा पट्टा ताणून धरणाऱ्या छोट्या पुलीची, म्हणजे आयडलरची. त्याचं भोक झिजून लांबट होतं. खडखड असती तर पंख्यात नाणं किंवा ब्राची तार शोधायला सांगितलं असतं.

आधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. कुणाचा गॅसवरचा असेल तर व्हॉल्व्हही बंद करा. पत्र्याच्या कडा फार धारदार असतात, हातमोजे घाला. पट्टा काढायच्या आधी तो कसा गुंडाळलाय याचा फोटो काढा, नाहीतर परत लावताना डोकं फिरतं. मग ड्रम बाहेर काढून प्रत्येक रोलर बोटाने फिरवून बघा.

उत्तरायण
तेलाचा फवारा मारून चालेल का? आमच्याकडेही चींचीं आहे.

पानापक्कड
नको दादा. काही दिवस आवाज बंद होतो, पण तेलाला लिंट, म्हणजे कपड्यांचे झडलेले बारीक तंतू, चिकटतं आणि आत हीटर आहे. झिजलेला भाग तेलाने भरून येत नाही, बदलावाच लागतो.
ताई, तुमचा आगीचा प्रश्न राहिलाच होता. खरी भीती लिंटची. उघडलाच आहे तर तळाचा सगळा लिंट व्हॅक्यूमने ओढून घ्या आणि मागची भिंतीत जाणारी नळीही साफ करा. ती पातळ फॉइलची किंवा प्लास्टिकची असेल तर कडक धातूची बसवा.

रानजाई
काका, उघडला! मागचा एक रोलर फिरतच नाही, अडकलाय. आयडलरभोवती काळी पूड आहे. तळाशी लिंटचा थरच थर होता, पोटात गोळा आला बघून. सगळा काढला. रोलर, पुली आणि पट्टा एकत्र मिळतात, मॉडेल नंबर दाराच्या आतल्या चौकटीवर सापडला. पट्ट्याची कुठली बाजू आत?

पानापक्कड
खोबणीची बाजू ड्रमला आणि मोटरच्या पुलीला, सपाट पाठ आयडलरला. रोलर एकच खराब दिसला तरी सगळे बदला, बाकीचेही तितकेच जुने आहेत. ज्या दांड्यावर ते बसतात त्याला खाच पडली असेल तर दांडाही बदला.

रानजाई
बसवलं सगळं. धपधप गेली, चींऽऽ पण गेली! पण आता पुढून घसघस असा घासल्याचा आवाज येतोय.

पानापक्कड
ड्रम आत सरकवताना पुढची फेल्टची, म्हणजे जाड लोकरी कापडासारखी, पट्टी दुमडली असणार. प्लग काढा, पुढचं पॅनल सैल करा आणि ड्रम हाताने सावकाश फिरवत फेल्ट बोटाने जागेवर सारत जा. पूर्ण एक फेरा मोकळा फिरला की मगच स्क्रू आवळा. दुमडलेल्या फेल्टवर चालवू नका, फाटेल.