खंडेनवमीच्या आधी गाडीचे बोल्ट

संकेत (ए-१०४): काका आहेत का ग्रुपवर? चेनला तेल घालताना मागच्या एक्सलच्या नटातली स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून भोकातून घालतात ती) गायब दिसली. पंक्चर काढायला चाक उतरवलं होतं, तेव्हा परत घातलीच नसावी. नट हाताने हलत नाही. उद्या पहाटे मित्रांबरोबर कासला जायचंय. जाऊ का?

बी-२०३ काका: पिन बसेपर्यंत यवतेश्वरचा घाट चढायचा नाही. ती पिन पाच-दहा रुपयांची असेल, पण नट मागे फिरला तर चाक एक्सलवर धरून ठेवणारं तेवढंच आहे. पोवई नाक्याकडे जातोस ना, स्पेअर पार्टच्या दुकानात नटाचं भोक दाखवून त्याच जाडीची घे. जुनी सरळ करून घालायची नाही. तार तर अजिबात नाही.

सी-३०१ दादा: पान्यावर पाय देऊन एकदा गच्च आवळ की. आम्ही गावाकडं तसंच करतो, आजवर काही झालं नाही.

बी-२०३ काका: दादा, पाय नका देऊ, कळकळीने सांगतो. एसटीच्या वर्कशॉपात माझी नोकरी झाली. ढिल्या नटांपेक्षा जास्त आवळून आटे गेलेलेच माझ्या हातात जास्त आले. बोल्ट आवळला की अगदी किंचित ताणला जातो आणि त्या ताणानेच दोन भाग एकमेकांना दाबून राहतात. ताण कमी पडला तर हादऱ्यांनी नट सुटत जातो. जास्त झाला तर बोल्ट लांबतो, पुन्हा आखडत नाही, आणि ॲल्युमिनियममधले आटे तर सरळ बाहेर येतात. म्हणून कंपनी प्रत्येक बोल्टला न्यूटन मीटरमध्ये, म्हणजे पिळाच्या जोराच्या मापात, आकडा देते.

सी-३०१ दादा: तो आकडा हाताला कसा कळणार पण?

बी-२०३ काका: त्यासाठीच टॉर्क पाना, लावलेला आकडा आला की क्लिक करणारा. तरी अंदाज देतो. दहा नंबरचा पाना लागतो तो बोल्ट बहुतेक ६ मिलिमीटरचा. त्याला साधारण १० न्यूटन मीटर पुरतात. १५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला सात किलोचा जोर दिला की झालं. तिथे लांब पाना लावून अंगाचा भार दिला तर बोल्टच तुटणार. ८ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण २५ च्या आसपास. मागच्या एक्सलचा आकडा याच्या कितीतरी पट असतो आणि तो गाडीगणिक बदलतो, तेव्हा मॅन्युअलमध्येच बघायचा. जुन्या मॅन्युअलमध्ये आकडा किलोग्रॅम-मीटरमध्ये असेल तर ९.८ ने गुणा.

ए-४०२ वहिनी: काका, माझी स्कूटर रोज एमआयडीसीला जाते. तिलाही हे सगळं बघावं लागतं का?

बी-२०३ काका: हो ताई, तिलाही. सगळे बोल्ट आवळत बसायचं कारण नाही. जे सुटले तर माणूस पडेल तेवढे बघायचे: पुढचा-मागचा एक्सल, ब्रेकचं कॅलिपर, हँडलचे क्लँप, फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) धरणारे बोल्ट, शॉकॲब्सॉर्बर, साइड स्टँड. स्कूटरला इंजिन ज्यावर टांगलेलं असतं तो बोल्टही. इंजिनच्या हेडचे बोल्ट, हँडलच्या बेअरिंगचा नट यांना घरी हात लावायचा नाही. बेअरिंगचा नट जास्त आवळला तर हँडल जड होतं आणि गाडी सरळ जाईना होते.

संकेत (ए-१०४): बेअरिंग ढिलं आहे हे ओळखायचं कसं?

बी-२०३ काका: डबल स्टँडवर लाव, मागे कुणीतरी बसून पुढचं चाक उचललेलं ठेवा. फोर्कचं खालचं टोक धरून पुढे-मागे ढकल. टक असा आवाज हाताला लागला तर मिस्त्रीकडे न्यायची.

आता तुझ्या एक्सलचं. इंजिन थंड असू दे. आधी चेनचा ढिलेपणा बघ, दोन्ही बाजूच्या अ‍ॅडजस्टरच्या खुणा सारख्या आहेत का बघ, मग नट आकड्यापर्यंत आवळ. नटाची खाच आणि भोक जुळलं नाही तर पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळायचं, जुळवायला मागे सोडायचं नाही. आट्यांना तेल-ग्रीस लावू नकोस. पान्यावर लावलेला बहुतेक जोर घासण्यातच जातो, बोल्ट ताणायला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. तेलाने घासणं कमी झालं की त्याच आकड्याला बोल्ट भलताच जास्त ताणला जातो. मॅन्युअलने ग्रीस सांगितलं असेल तिथेच लावायचं.

बी-१०२ सचिव: पार्किंगमध्ये तेल सांडू देऊ नका, खाली पुठ्ठा घाला. आणि रविवारी खंडेनवमीसाठी गाड्या धुताना पाइप सोडून ठेवू नका, टाकी दुपारपर्यंत पुरवायची आहे.

बी-२०३ काका: बरोबर आहे साहेब, पुठ्ठे मी आणतो. धुतल्यावरच बोल्ट बघायला सोपे, माती निघते आणि नटाच्या कडेची गंजाची रेघ दिसते. नट आपल्या जागेवर हलत असला तर तिथे लालसर भुकटी येते. ते दिसलं की तो आधी बघायचा.

ए-४०२ वहिनी: दर वेळी पाना लावायचा का? मला तेवढा वेळ कुठला मिळणार.

बी-२०३ काका: नाही. एकदा बरोबर आवळला की नटावरून शेजारच्या भागावर जाईल अशी एक सरळ रेघ रंगाने ओढायची. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली तरच पाना. चहा उकळेपर्यंत गाडी बघून होते.

ए-४०२ वहिनी: नेलपॉलिश चालेल का? माझ्याकडे केशरी आहे.

बी-२०३ काका: उत्तम चालेल ताई. लांबून दिसणारा रंग हवा.

सी-३०१ दादा: नट सुटू नये म्हणून आट्याला लावायचं ते निळं औषध? दुकानदार प्रत्येक बोल्टला लाव म्हणतो.

बी-२०३ काका: प्रत्येकाला नको. जिथे कंपनीने लावलेलं होतं, उदाहरणार्थ ब्रेकच्या डिस्कचे बोल्ट, तिथे आटे कोरडे पुसून एक थेंब. निळं पान्याने सुटतं, लाल सोडायला आच द्यावी लागते, ते घरात आणूच नका. एक्सलला नाही. आतमध्ये नायलॉनची कडी असते त्या नटालाही नाही. ती कडी ढिली वाटली तर नटच नवा घ्यायचा.

संकेत (ए-१०४): काका, पुढचं चाक काढून बसवायचं असेल तर?

बी-२०३ काका: एक्सल आवळलास की पुढचा ब्रेक धरून हँडल चार-पाच वेळा खाली दाब, फोर्क जागेवर बसतो. त्यानंतर खालचा, एक्सलच्या क्लँपचा बोल्ट. आणि गाडी हलवण्याआधी ब्रेकचा लिव्हर कडक होईपर्यंत दाबत राहायचं. चाक काढताना पॅड मागे सरकलेले असतात. हे विसरलं तर पहिल्या ब्रेकला हाताला काहीच लागत नाही, आणि ते कासच्या वळणावर कळू नये.

सी-३०१ दादा: टॉर्क पाना माझ्या मेहुण्याकडे आहे, आणतो रविवारी.

बी-२०३ काका: आणा, पण त्याने नट सोडायचा नाही, फक्त आवळायचा. क्लिक झाला की थांबायचं, दुसरा क्लिक घ्यायचा नाही. आणि काम झालं की आकडा सगळ्यात खाली आणून मगच ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग बिघडते.

संकेत (ए-१०४): उद्याचं कास रद्द. मित्रांना सांगितलं, पुढच्या शनिवारी जातोय. पिन आणायला आता निघालोय, कुणाला आणखी हव्यात का?

ए-४०२ वहिनी: माझ्या स्कूटरला लागेल का ते बघून मेसेज करते, थांब जरा.