मॉडेल चंद्रपूरला एका फटक्यात टाळं लावतंय!

विदर्भकर: एमटेकसाठी महाराष्ट्राचं २०५० पर्यंतचं वीजनियोजन ओसेमोसिस या मोफत संगणकीय मॉडेलमध्ये मांडतोय. कार्बनची मर्यादा घातली की मॉडेल चंद्रपूरच्या कोळशाच्या वीजकेंद्राचे २९२० मेगावॅट पहिल्याच वर्षी बंद करतं, सगळीकडे सोलर! बॅटरी शून्य. उरलेली सगळी वीज कोयनेच्या जलविद्युतमधून. सर बघून नुसते हसले.

घाटमाथा: वर्षाचे तुकडे किती केलेत?

विदर्भकर: तीन. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा.

घाटमाथा: मग रात्र आहेच कुठे? दिवसरात्रीची सरासरी झाली की सोलर रात्रीही वीज देतं. दर ऋतूचे निदान दिवस, संध्याकाळ, रात्र असे तुकडे पाडा.

आणि कोयना १९६० मेगावॅटची म्हणून बारमाही तेवढी चालेल असं धरू नका. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेला वळवायचं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसीवर (अब्ज घनफुटांवर) बांधलंय. वार्षिक ऊर्जेची मर्यादा घाला, बॅटरी आपोआप येईल.

एलपीवाली: शिवाय वर्षाला किती मेगावॅट बंद करता येतील, नवे किती उभारता येतील, तेही बांधा. सॉल्व्हर, म्हणजे मॉडेलचं गणित सोडवणारा प्रोग्राम, फक्त खर्च बघतो. चंद्रपूर केंद्राजवळच्या दुर्गापूरचा चहावाला त्याच्या समीकरणात नाही.

विदर्भकर: नऊ तुकडे केले. बॅटरी आली! चंद्रपूर अजून हट्टी आहे, रात्री बघतो.