मदत हवी आहे: आईला शोग्रेन्स (शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रू-लाळेच्या ग्रंथींवर उलटते तो आजार), एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन) चालू आहे, सोबत चिनी काढा द्यावा का?

नमस्कार मंडळी, आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो, आई ५८ वर्षांची. आधी डोळ्यात खुपतंय म्हणून चष्मा बदलला, मग वर्षभरात ४ दात किडले, पण हे सगळं एकच दुखणं आहे हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. मला संशय आला तो कांद्यावरून. पोह्यांसाठी ५-६ कांदे चिरले तरी डोळ्यात टिपूस नाही, आणि बाईसाहेब उलट खूश! भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही हे तिने फार उशिरा सांगितलं. शेवटी वाशीला रुमॅटॉलॉजिस्टना (सांधे आणि अशा प्रतिकारशक्तीच्या आजारांचे डॉक्टर) दाखवलं, अँटी-रो (या आजारात रक्तात सापडणारी अँटीबॉडी) पॉझिटिव्ह, अश्रू मोजणाऱ्या शर्मर टेस्टची पट्टी ५ मिनिटांत जेमतेम ३ मिमी भिजली. एचसीक्यू २०० चालू आहे, डोळ्यात ड्रॉप्स.

आता मावसभाऊ शांघायला असतो, त्याने व्हिडिओ कॉलवर तिथल्या वैद्याला आईची जीभ दाखवली (हो, जीभच बघतात) आणि दिवाळीला येताना काढ्याची पाकिटं घेऊन आला. तिकडे याला झाओ बी म्हणतात, म्हणजे कोरडेपणाचा वात म्हणा, शरीरातलं यिन, ओलावा-गारवा कमी झालाय असं धरून औषध देतात. एचसीक्यू बंद करा असं तो वैद्य म्हणाला नाही, तिकडे दोन्ही सोबत देतात म्हणे.

पाकिटावरचं फोनने भाषांतर केलं तर माय दाँग, शेंग दी, गोजी, आणि गान त्साओ अशी वनस्पतींची नावं निघाली. हे शेवटचं म्हणजे आपल्या ज्येष्ठमधाचाच सख्खा भाऊ! आणि आई तोंड कोरडं पडतं म्हणून आधीच दिवसभर ज्येष्ठमध चघळत होती, बीपीची गोळी चालू असून ते १५०/९६ वर गेलं होतं ते का, हे तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले ज्येष्ठमधाने बीपी वाढतं आणि पोटॅशियम घटतं, शोग्रेन्समध्ये किडनीवर परिणाम झाला तर पोटॅशियम तसंही घसरतं. ज्येष्ठमध बंद केल्यावर २-३ आठवड्यांत बीपी खाली आलं.

तर कोणी असं दोन्ही मिळून घेतलंय का? ठाणे-नवी मुंबईत चिनी औषधांची माहिती असलेले डॉक्टर आहेत का? "नैसर्गिक आहे, काही होत नाही" हे कृपया नको, ते घरात रोज ऐकतोय.

प्रतिसाद: माझ्या बहिणीला हाच आजार आहे, खारघरला असते. सगळी नावं नीट तपासा, लेइ गोंग तेंग (एक चिनी औषधी वेल) असेल तर हातसुद्धा लावू नका, लिव्हरला वाईट. काहीही सुरू करायच्या आधी क्रिएटिनिन (किडनीसाठी), एलएफटी (लिव्हरसाठी), पोटॅशियम करून घ्या. एचसीक्यूचा डोळ्याच्या पडद्यावर परिणाम होऊ शकतो, त्यासाठी रेटिनाचं ओसीटी (स्कॅन) झालंय का? आणि दातांसाठी फ्लोराइड विचारा.

धागाकर्ता: धन्यवाद ताई. लेइ गोंग तेंग नाहीये, दोनदा बघितलं. ओसीटी राहिलंच होतं, शनिवारची वेळ घेतली. रिपोर्ट येऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत पाकिटं माळ्यावर टाकलीत, आईचा हात पोचत नाही तिथे.