उतरतानाचे शेवटचे वळण आणि जुन्या सेसनांवरचा आळ

सिंहगडरोडकर: ‘बारामतीची शिकाऊ विमाने म्हातारी झाली आहेत, म्हणून ती उतरताना पडतात,’ हे आपले विधान वाचून राहवले नाही. त्या सेसना १५२ विमानांचे उत्पादन १९८५ मध्येच थांबले, हे मान्य. परंतु बेसवरून (धावपट्टीला आडव्या टप्प्यावरून) फायनलवर (धावपट्टीच्या रेषेतील शेवटच्या टप्प्यावर) वळताना पाठीमागच्या वाऱ्याने धावपट्टीची रेषा ओलांडली जाते, मग शिकाऊ वैमानिक रडर (शेपटीवरचे, पायाने चालणारे सुकाणू) दाबून नाक आत ओढतो, विमानाचा एका बाजूचा कल वाढू नये म्हणून हाताने उलटा एलेरॉन (विमान कलते करणारी, पंखावरची हलती फळी) देतो, आतला पंख आधी स्टॉल होतो (उचल गमावतो) आणि पाचशे फुटांवर स्पिनमधून (गिरक्या घेत कोसळण्यातून) सावरायला उंचीच उरत नाही. यात विमानाचे वय कोठे आले?

मूळ लेखक: पुस्तकी ज्ञानाबद्दल आभार. माझ्या भाच्याच्या विमानातील स्टॉलचा इशारा देणारा भोंगा दोन दिवस मुका होता, तरी त्याला उड्डाणास पाठवले गेले. त्याचा दोष वाऱ्याला द्यावा काय?

हडपसरचा ग्लायडरवाला: भोंग्यावर विसंबणे हीच मुळात चूक आहे. आमच्या ग्लायडरच्या, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाच्या, काचेवर लोकरीचा साधा धागा चिकटवलेला असतो. तो तिरका झाला की रडरवरचा पाय चुकला, हे तत्काळ कळते. आम्हाला गो-अराउंडची (उतरणे सोडून पुन्हा वर जाऊन फेरी मारण्याची) सोय नसते, म्हणून आमचे पाय शहाणे असतात. इंजिनवाल्यांचे पाय बहुधा शोभेलाच असावेत.

सिंहगडरोडकर: हा उर्मटपणा अनाठायी आहे. एक इंजिन नाकावर असलेल्या विमानात तो धागा प्रोपेलरच्या झोतात फडफडत राहील, आणि आपण सांगता ते काम आमच्याकडे टर्न कोऑर्डिनेटर या वळण दाखवणाऱ्या उपकरणातील चेंडू करतो.

हडपसरचा ग्लायडरवाला: झोताचा मुद्दा मान्य, नाइलाजाने. मात्र चेंडू पाहण्यासाठी मान खाली घालावी लागते, आणि नेमक्या त्या वळणात सर्वांची नजर धावपट्टीवर खिळलेली असते.

मूळ लेखक: धागा आणि चेंडू यांच्या भांडणात माझा भाचा राहूनच गेला. गो-अराउंड केले की तासाचे पैसे वाढतात, म्हणून ही मुले वाकडे वळणही रेटून नेतात, असे तोच सांगतो.

सिंहगडरोडकर: हे मात्र आपण प्रथमच मुद्द्याचे बोललात. उंची राखून ४५ अंशांच्या कलात वळताना स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. पैसे वाचवण्याच्या नादात कल वाढवणाऱ्या मुलाला हे आधी कोणी बजावले होते काय, ते भाच्याला अवश्य विचारा. भोंग्याबाबत मात्र आपले म्हणणे खरे आहे. तो मुका असताना विमान हँगरबाहेर यायलाच नको होते.